आधी दाण्यांवर चालवा

माझ्या वर्गात येणारा पाहुणा दारातच थबकायचा आणि मी मुलांना चुलीपुढे फुंकणी घेऊन बसवलंय अशा नजरेने माझ्याकडे बघायचा. तळेगाव स्टेशनजवळच्या आमच्या प्रशिक्षण संस्थेत दुसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली माझी. त्या खोलीत पोट सुटलेल्या मॉनिटरचे जुने कॉम्प्युटर होते. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, माऊस नाही, इंटरनेट नाही, आणि मेमरी इतकी तुटपुंजी की आजच्या फोनवरचा एक फोटोसुद्धा तिच्यात मावला नसता. पाहुणा विचारायचा, "मॅडम, आजच्या काळात हे कशाला?" त्याच्या आवाजात काळजी असायची. मुलांची नव्हे, माझी.

बरीच वर्षं मी नम्रपणे उत्तर दिलं. पाया पक्का होतो, शिस्त लागते, असं काहीबाही. खरं तर ही उत्तरं मला स्वतःलाच कधी पटली नाहीत. पाया आणि शिस्त हे शब्द, ज्याला नेमकं काही सांगता येत नाही तो वापरतो. आता माझे केस पिकलेत, नम्रपणाही बराचसा संपलाय, तेव्हा जे आहे ते सांगते. त्यासाठी आधी लोणावळ्याच्या बाजारातल्या आमच्या दुकानाच्या मागे जावं लागेल.

अब्बांचं चिक्कीचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे भट्टी, आणि भट्टीच्या पलीकडे शेंगदाण्यांच्या पोत्यांची खोली. मी तिथेच अभ्यास करायचे. एका बंगलेवाल्याने बंगला विकायला काढला तेव्हा त्याच्याकडची लोखंडी कपाटं अब्बांनी घेतली. त्यातल्या एका कपाटात टीव्हीला जोडायचा एक छोटा कॉम्प्युटर आणि त्याचं इंग्रजी पुस्तक निघालं. अब्बांनी तो परत न्यायला सांगितला, तर बंगलेवाला म्हणाला, राहू दे, पोरांना खेळायला होईल. पोरांनी, म्हणजे माझ्या भावांनी, त्यावर खेळ सापडेना म्हणून दोन दिवसांत नाद सोडला. उरले मी.

लोणावळ्याचा पावसाळा ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते, मिठाचं पाणी होतं. घरोघरी कपाटात विजेचा एक दिवा पेटता ठेवतात, त्याच्या उबेवर कपडे टिकतात. आमचा कॉम्प्युटर त्याच कपाटात, अम्मीच्या साड्यांच्या वरच्या फळीवर, दिव्याच्या उजेडात राहायचा. तो बाहेर काढायचा तर टीव्ही मोकळा हवा, वीज हवी, आणि हवा थोडी तरी कोरडी हवी. तिन्ही गोष्टी एकदम जुळून येणं म्हणजे सणच होता. त्यातून वीज गेली की टाइप केलेलं सगळं गेलं. पुन्हा पहिल्या ओळीपासून. कॅसेटवर साठवायची सोय होती खरी, पण आमच्या दमट कॅसेटी गाणीसुद्धा रडत म्हणायच्या.

म्हणून मी प्रोग्रॅम चिक्की बांधायच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहायचे. पण लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे कळणार कसं? कॉम्प्युटर कपाटात. मग मी वाट काढली. अम्मीच्या स्वयंपाकघरातून वाट्या आणल्या. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक नावाची एक वाटी. त्या नावाचा जो आकडा असेल तितके शेंगदाणे त्या वाटीत. एकाने ओळ वाचायची, दुसऱ्याने ती ओळ सांगेल तसे दाणे घालायचे किंवा काढायचे. दुसरा म्हणजे यंत्र. यंत्राने बोलायचं नाही, विचारायचं नाही, फक्त करायचं.

यंत्र व्हायला घरात एकच माणूस मोकळा असायचा, तो म्हणजे अब्बा. तेही पाऊस धो धो पडून गिऱ्हाईक बंद झालं की. त्यांना प्रोग्रॅम म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. पण मी वाचते आहे तर ते करत होते, इतकंच.

एकदा मी मोठ्या ऐटीत प्रोग्रॅम लिहिला. चिक्कीचं एक ताट कापल्यावर किती तुकडे होतात आणि त्यातून किती डबे भरतात, हे सांगणारा. एका डब्याची वाटी भरली की ती रिकामी करून दुसरा डबा मोजायचा, असा माझा बेत होता. बेत डोक्यात होता, कागदावर उतरायचा राहिला होता. मी ओळी वाचत होते, अब्बा वाटीत दाणे टाकत होते. वाटी भरली. ते टाकत राहिले. दाणे फरशीवर घरंगळायला लागले, पोत्यांखाली जायला लागले, आणि हा माणूस शांत चेहऱ्याने एकेक दाणा त्या भरल्या वाटीवर ठेवतोय.

मी म्हणाले, "अब्बा, थांबा ना. भरलीय ती, दिसत नाही का?"

"दिसतंय. पण थांब असं तू लिहिलेलं नाहीस."

"मला काय म्हणायचंय ते तुम्हाला कळत होतं."

"मला कळत होतं," अब्बा म्हणाले. "तुझ्या त्या पेटीला कसं कळेल?"

मला इतका राग आला की मी कागद चुरगाळला आणि रडले. त्यांनी सगळे दाणे वेचले, फुंकर मारून वाटीत घातले आणि पुन्हा माझ्यासमोर बसले. मी डोळे पुसून पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. त्या संध्याकाळी जे शिकले त्यावर मी आजवर भाकरी खाल्ली आहे. आपल्याला काय म्हणायचं आहे आणि आपण काय म्हटलं आहे, या दोहोंत अंतर असतं, आणि ते अंतर समोरच्याने समजून घेतलं की आपल्याला कधीच दिसत नाही.

आता जुन्या कॉम्प्युटरचे गोडवे गाणारी मंडळी मला आपल्यात ओढायला बघतील, तर तेही होणार नाही. आमच्या वेळी असं होतं, आम्ही इतक्याशा मेमरीत अमुक करायचो, ही निवृत्त लोकांची फुशारकी आहे आणि मला तिचा कंटाळा आहे. त्या काळात शिकलेल्यातलं निम्म्याहून जास्त आज टाकाऊ आहे. जागा वाचवायला एका अक्षराची नावं द्यायची, एका ओळीवरून भलत्याच ओळीवर उडी मारायची, असला प्रोग्रॅम आज कोणी माझ्या हाती दिला तर मी तो वाचणारसुद्धा नाही. नुसत्या जुन्या यंत्रावर बसल्याने कोणी शहाणा झालेला मी पाहिलेला नाही. उलट त्यावर बसून आयुष्यभर अडाणी राहिलेले मात्र मी पाहिलेत, आणि त्यांतले काही चांगल्या हुद्द्यावर आहेत.

तरीही ती खोली मी राखली. इतर सगळे कॉम्प्युटर बदलले तेव्हा मी माझे बदलू दिले नाहीत. वाट्या घरून आणल्या, त्याच त्या अम्मीच्या. शेंगदाणे भावाच्या दुकानातून. सकाळच्या तुकडीला पहिले सहा महिने माझ्या खोलीत, आधी दाण्यांवर, मग त्या हिरव्या पडद्यावर. नियम जुनेच. यंत्राने बोलायचं नाही. वाटी वापरण्याआधी झटकून रिकामी करायची, तेही ओळ सांगेल तेव्हाच. आणि कोणी दाणा खाल्ला, तर पहिल्या ओळीपासून.

हा शेवटचा नियम अनुभवातून आला. सकाळच्या लोकलने उपाशीपोटी आलेल्या मुलींसमोर भाजलेले दाणे ठेवले, तर त्यांचे आकडे कमी होणारच. प्रोग्रॅम बरोबर, उत्तर चूक, आणि यंत्र झालेली मुलगी तोंड मिटून गप्प. रमजानमध्ये मी स्वतः यंत्र व्हायचे. त्या महिन्यात आमची सगळी उत्तरं बरोबर यायची आणि मुली म्हणायच्या, मॅडम, वर्षभर रोजे ठेवा.

एका वर्षी सकाळच्या तुकडीत जवळच्या वराळ्याची एक मुलगी होती. तिच्या घरची शेती एका गृहसंकुलाखाली गेली होती, वडील त्याच संकुलाच्या गेटवर राखणदार म्हणून बसायचे. सहा आसनी रिक्षातून उतरून ती धावत जिना चढायची आणि दारातूनच बोलायला सुरुवात करायची. पहिल्या महिन्यात तिने माझ्याशी रोज भांडण केलं. "मॅडम, हितं जागाच न्हाई. बाकीचं कुटं ठिवू?" मी म्हणायचे, नाही ठेवायचं, टाकून दे. काय टाकू, असं ती विचारायची. ते तूच ठरव, मी सांगायचे. ती पाय आपटत जाग्यावर जायची आणि ठरवायची. हळूहळू तिचं भांडण माझ्याशी होईनासं झालं आणि प्रोग्रॅमशी व्हायला लागलं. तेव्हा मला तिच्याबद्दल आशा वाटायला लागली.

त्याच वर्षी संस्थेत नवे संचालक आले. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, पण पदाने सर. पुण्यात मोठ्या कंपनीत काम करून आलेले, अतिशय सभ्य, आवाज कधी चढायचा नाही. अशा माणसाशी भांडणं फार अवघड जातं. ते माझ्या खोलीत आले, एका मॉनिटरवर हात ठेवला आणि म्हणाले की राग मानू नका मॅडम, पण आता लॅपटॉपमध्ये मदतनीस आहे, त्याला साध्या भाषेत सांगितलं की तो प्रोग्रॅम लिहून देतो. आपल्याला काय म्हणायचंय ते त्याला बरोबर कळतं.

हे शेवटचं वाक्य त्यांनी कौतुकाने म्हटलं.

मग त्यांनी सरळ विचारलं, या जुन्या यंत्रांवर शिकल्याने मुलं चांगली तयार होतात याला काही पुरावा आहे का? मी सांगितलं, नाही. त्यांना बहुतेक लांबलचक भाषणाची अपेक्षा होती. माझ्याकडे पुरावा नव्हता, तर नाही म्हणायला मी का लाजावं? ते म्हणाले, मग आपण पाहूनच घेऊ. दुपारची तुकडी पहिल्या दिवसापासून लॅपटॉपवर शिकत होती. वराळ्याजवळच्या एका गोदामाची कंपनी मुलं निवडायला येणार होती. दोन्ही तुकड्यांना एकच परीक्षा. माझ्या तुकडीतली मुलं जास्त निवडली गेली तर खोली राहील, नाहीतर यंत्रं भंगारात जातील आणि तिथे लॅपटॉपची नवी खोली होईल. मी ताबडतोब हो म्हणाले. विचार करायला वेळ मागितला असता तर ते मला घाबरले समजले असते.

परीक्षेत दोन भाग होते. गोदामात दिवसभर ट्रक येतात, प्रत्येक ट्रकमधले क्रेट मोजून दिवसाची बेरीज देणारा एक प्रोग्रॅम कंपनीत चालू होता. एखाद्या दिवशी बेरीज खऱ्यापेक्षा जास्त यायची. तो दुरुस्त करायचा हा पहिला भाग. दुसरा भाग म्हणजे ट्रकची नोंद करण्यासाठी मोबाइलवर दिसेल असा एक सुबक पडदा तयार करायचा. परीक्षा लॅपटॉपवर, मदतनीस वापरायची सर्वांना मुभा.

दुपारच्या मुलांनी मदतनिसाला सांगितलं, यात चूक आहे, दुरुस्त कर. त्याने केली. खोटं कशाला बोलू, बहुतेकांची बरोबर केली. लगोलग ती मुलं पडद्याच्या मागे लागली आणि रंगीत बटणं उमटायला लागली. माझी मुलं अजून पहिल्या भागावर डोकं खाजवत होती. वराळ्याच्या मुलीने तर कळस केला. तिने परीक्षा घ्यायला आलेल्या कंपनीच्या माणसाला विचारलं, लॅपटॉप बंद केला तर चालेल का. तो गोंधळून हो म्हणाला. तिने झाकण मिटलं, त्यावर वाट्यांच्या जागी जेवणाच्या डब्याचं झाकण, पाण्याच्या बाटलीचं बूच आणि पेन्सिलीचा डबा मांडला, पिशवीतून दाण्यांची पुडी काढली आणि ओठ हलवत, वहीत उतरवून घेतलेल्या प्रोग्रॅमची एकेक ओळ स्वतःशी वाचायला लागली. मी मागे उभी होते. मला तिला थांबवावंसं वाटत होतं, आणि थांबवलं असतं तर मी स्वतःला तोंड दाखवू शकले नसते.

ती थांबली ती बाटलीच्या बुचापाशी. ट्रक रिकामा आला, की क्रेट मोजायची ओळच चालत नव्हती. त्यामुळे आधीच्या ट्रकचे दाणे बुचात तसेच होते आणि ते पुन्हा बेरजेत जात होते. वाटी झटकायची राहिली होती. कंपनीचा माणूस जवळ आला तेव्हा तिने त्याला बुचातले दाणे दाखवले.

"ह्ये आदल्या गाडीचं हायेत. ही गाडी रिकामी आली, पण बूच कुणी रिकामं केलंच न्हाई."

त्याला ते पटलं. त्याने आपल्या फोनवर टिपूनही घेतलं. दुपारच्या तुकडीतल्या एकाला मी सहज विचारलं की तुझ्या प्रोग्रॅममध्ये चूक काय होती. तो म्हणाला, होती काहीतरी, आता नाही. मी कंपनीच्या माणसाकडे पाहिलं. तो हसला आणि म्हणाला, "चालतंय ना मॅडम, मग झालं तर."

वेळ संपली तेव्हा वराळ्याच्या मुलीचा पडदा कोराच होता. माझ्या इतर मुलांचे पडदेही अर्धवट. निवड झाली ती सगळी दुपारच्या तुकडीतून. माझ्या तुकडीतलं एकही नाव नाही, तिचंसुद्धा नाही. संचालकांनी मला ते केबिनमध्ये बोलावून, दार लावून, हळू आवाजात सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मुलीला बाहेर कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कारण मी सांगितलं, आन् घेतलं दुसऱ्यांना." मी तिच्याजवळ उभी राहिले.

घरी जाताना लोकलमध्ये मी खिडकीशी बसले होते आणि मनातल्या मनात सगळ्यांशी भांडत होते. कंपनीच्या माणसाशी, सरांशी, त्या मदतनिसाशी. हरले तर होतेच. पडद्याचा भाग मी मुलांना धड शिकवला नव्हता हे खरं होतं, आणि ते शिकवायला हवं होतं हेही खरं होतं. पण आज जे दुरुस्त झालं ते का बिघडलं होतं, हे त्या सबंध खोलीत फक्त माझ्या मुलीला माहीत होतं. उद्या तेच दुसऱ्या रूपात बिघडलं, तर मदतनिसाला काय सांगायचं हे कोणाला कळणार होतं? चालतंय ना, म्हणे. अब्बांच्या वाटीवरचे दाणेसुद्धा खाली पडेपर्यंत चाललेच होते.

कामशेत स्टेशन गेलं आणि मला एकदम अब्बांची ती पोत्यांची खोली आठवली. फरशीवर मी, समोर अब्बा, मध्ये वाट्या. आणि कॉम्प्युटर कुठे होता? कपाटात. दिव्याखाली, बंद. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, की मी त्या जुन्या यंत्रावर शिकले. साफ चूक. जे काही शिकले ते यंत्र बंद असताना शिकले. त्या यंत्राने माझ्यावर एकच उपकार केला, ते सारखं मिळालं नाही. नवं यंत्र सारखं मिळतं, म्हणून ते कोणीतरी मुद्दाम मिटवायला लागतं. हात पुढे करून झाकण मिटवणारं माणूस समोर लागतं, आणि काय म्हणायचंय ते कळत असूनही न कळल्यासारखं बसणारं माणूस लागतं. मी खोलीवर पैज लावली होती. वाट्यांवर लावली नव्हती.

लोणावळ्याला उतरले तेव्हा माझा राग तसाच होता, पण आता त्याला काम मिळालं होतं.

यंत्रं न्यायला भंगारवाला आला. मी शब्द दिला होता, तेव्हा अडवलं नाही. फक्त त्याने विचारलं, चालू आहेत का बंद. शिपायाने बंद म्हणून सांगितलं. मी म्हणाले, नाही, चालू आहेत. तो म्हणाला मॅडम, भाव तोच आहे, काही फरक नाही. मला फरक होता. मी एक यंत्र सुरू केलं, हिरवी अक्षरं आली, मुलींनी बघितली, मग मी बटण दाबून ते बंद केलं आणि त्याला घेऊन जायला सांगितलं. पोट सुटलेले ते मॉनिटर टेम्पोत एकमेकांना टेकून गेले. वाईट वाटलं. पण रडू येईल इतकं नाही.

वराळ्याची ती मुलगी पडद्याचं काम नंतर एका पावसाळ्यात शिकली. पुढच्या निवडीत त्याच कंपनीने तिला घेतलं आणि ती आजही तिथे आहे. मी असं म्हणत नाही की तिला जे येत होतं ते दुपारच्या मुलांना येणारच नाही. त्यांनाही येईल. पण त्यांतलं कोणी अजून विचारायला आलेलं नाही. आलं तर माझ्याकडे वाट्या आहेत.

नव्या खोलीतला पहिला तास मात्र ती अजून आमच्याकडे शिकत होती तेव्हाचा. भिंतींना पांढरा रंग, गुबगुबीत खुर्च्या, चकचकीत लॅपटॉप. मुली हरखल्या होत्या. मी सांगितलं, झाकणं उघडायची नाहीत. प्रत्येक लॅपटॉपच्या झाकणावर वाट्या मांडल्या, दाणे घातले, आणि वाचायला सुरुवात झाली. नवी झाकणं सपाट होती, वाट्या छान बसत होत्या. जुन्या मॉनिटरवर त्या घसरायच्या, हे मला कबूल केलं पाहिजे.

तेवढ्यात संचालक आले. सोबत कोणी नव्हतं, नवी खोली कशी चाललीय ते सहज बघायला आले होते. सगळे लॅपटॉप बंद आणि त्यांवर शेंगदाणे, हे पाहून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी विचारलं, "मॅडम, लॅपटॉप सुरू का नाहीत?"

"सुरू करू ना, सर. आधी प्रोग्रॅम चालू दे."

यंत्रांची पैज होती, यंत्रं गेली. माझ्या तासाला मी काय करते याची पैज झालेली नव्हती, हे त्यांना कळत होतं. वराळ्याच्या मुलीच्या टेबलाशी यंत्र व्हायला माणूस कमी होता. मी ती खुर्ची पुढे केली आणि म्हटलं, बसा सर, एकदा बघा. नाही म्हणणं त्यांच्या सभ्यपणात बसत नव्हतं. ते बसले. मी त्यांना नियम सांगितले, ते हसून मान डोलवत होते. मुलगी वाचायला लागली. एक दाणा घाला, दोन काढा, ही वाटी झटका. त्यांचे हात चालत होते, लक्ष दाराकडे होतं. आणि बसल्या बसल्या कोणीही करतं तसं त्यांनी वाटीतला एक दाणा उचलून तोंडात टाकला.

मुलगी वाचायची थांबली. "सर, तुमी आकडा खाल्ला."

ते ओशाळून हसले. म्हणाले, "एक तर दाणा होता. कळतंय ना तुम्हाला किती होते ते, घाला एक वरून."

"कळतंय," मी म्हणाले, "पण तसं लिहिलेलं नाही. आता पहिल्या ओळीपासून."

मी अब्बांचं वाक्य बोलले होते, हे मला बोलून झाल्यावर समजलं. संचालकांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. दाराकडे पाहिलं. मुलगी कागदाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाट पाहत होती आणि वाट पाहण्यात तिला काडीचाही संकोच नव्हता. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, वाटी उचलली आणि झाकणावर पालथी करून झटकली. यंत्राने बोलायचं नसतं, म्हणून तास संपेपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत.